ओल्या वाटा आणि कोरडे पाय

आषाढाच्या सरी कोसळूं लागल्या कीं मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळींचीं पावलें आपोआप सह्याद्रीकडे वळतात. शनिवारीं रात्रीं राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड हीं नांवें घरांत ऐकूं येतात, आणि रविवारीं सायंकाळीं दाराशीं चिखलानें माखलेले बूट येऊन पडतात. त्या बुटांतून निघालेले पाय पाहिले म्हणजे आईचा जीव हळहळतो. तळवे पांढरेफटक, कातडी सुरकुतलेली, टाचेवर फोड आणि बोटांच्या बेचक्यांत आग! "एवढे महागाचे बूट, पाणी शिरणार नाहीं असें दुकानदारानें सांगितलें होतें ना? मग पाय भिजलेच कसे?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें खरें उत्तर दुकानदाराच्या उत्तराहून थोडें निराळें आहे.

प्रथम पाऊस कसला तें पाहावें. पुणें शहरांत वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर असलेल्या महाबळेश्वरास तोच आंकडा ५,५०० मिलिमीटरांच्या आसपास जातो, आणि त्यांतील बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो. घाटमाथ्यावरील वाट त्या दिवसांत वाट राहतच नाहीं. ती एक लहानसा ओढा बनते. अशा वाटेनें सात-आठ तास चालणाऱ्याच्या बुटांत पाणी तीन मार्गांनीं येतें: बुटाच्या तोंडांतून, बुटाच्या अंगांतून आणि खुद्द पायांतून.

पहिला मार्ग तोंडाचा. पावसाचें पाणी रेनकोटावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून विजारीवर आणि विजारीवरून पायमोज्यावर उतरतें. दिव्याची वात जसें तेल ओढून घेते, तसा बुटाबाहेर डोकावणारा मोजा हें पाणी ओढून थेट टाचेपर्यंत पोंचवितो. यासाठीं विजार बुटांत खोंचूं नये, बाहेर सोडावी. पोटरीवर बांधावयाचें जें जलरोधक आवरण मिळतें, ज्यास गेटर म्हणतात, तें बुटाचें तोंड पुरतें झांकील असें बांधलें तर पुष्कळसें पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून जातें. मात्र घोट्याच्या वर पाणी असलेला ओढा आडवा आला म्हणजे हा उपाय थकतो.

दुसरा मार्ग बुटाच्या अंगांतून. कातडें म्हणजे तंतूंचें दाट जाळें. त्यावर मेण चोळलें तर तंतूंमधील फटी बुजतात. परंतु बोटांच्या मागें जेथें बूट प्रत्येक पावलागणिक वांकतो, तेथलें मेण लवकर झिजतें, आणि शिवणीचीं छिद्रें तर असतातच. या अडचणीवर अलीकडील काळांत एक चतुर तोड निघाली. १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांनीं, स्वयंपाकघरांतील तव्यांमुळें सर्वांस ठाऊक झालेल्या टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ तापवून एकदम झटक्यानें ताणला. त्यांतून अत्यंत सूक्ष्म छिद्रांचा पातळ पापुद्रा तयार करतां येऊं लागला. हीं छिद्रें पाण्याच्या थेंबाहून फारच लहान, परंतु वाफेच्या कणाहून पुष्कळ मोठीं. थेंब बाहेर अडतो आणि घामाची वाफ मात्र आंतून निसटते. महाग बुटांच्या अस्तरांत असाच एखादा पापुद्रा बसविलेला असतो.

मग पाय भिजतात कां? तर तिसऱ्या मार्गानें. तळहात आणि तळपाय यांवर घर्मग्रंथींची दाटी शरीरांत सर्वांत अधिक. रबरी गमबूट घालून पावसांत काम करणाऱ्यास विचारावें. बाहेरचा थेंबहि आंत शिरला नाहीं, तरी त्याचे मोजे दुपारपर्यंत दमट होऊन पायांस चिकटतात. पापुद्र्याच्या बुटांत ही वाफ बाहेर जावी अशी योजना असते. परंतु बाहेरील हवाच जेथें ओलाव्यानें भरलेली, तेथें वाफेचा ओघ मंदावतो. त्यांत बुटाचें वरचें कातडें भिजून चिंब झालें, कीं छिद्रांच्या तोंडावर पाण्याचा थर बसतो आणि ओघ जवळजवळ थांबतो. शिवाय ओढ्याचें पाणी एकदां वरून आंत आलें, म्हणजे ज्या पापुद्र्यानें तें बाहेर थोपविलें असतें, तोच आतां त्यास आंत कोंडून धरतो. न गळणारी कळशी भरली म्हणजे ओतल्याविना रिकामी होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

यावरून बुटांची निवड प्रदेश पाहून करावी हें उघड होतें. सह्याद्रीच्या उबदार पावसांत आणि ओढ्यानाल्यांच्या वाटेवर हलका, जाळीदार कापडाचा, खोल खांचांच्या तळव्याचा बूट बरा. त्यांत पाणी येतें खरें, पण चार पावलांत निघूनहि जातें. हिमालयांतील बर्फाच्या वाटेवर मात्र जलरोधक बूटच हवा, कारण तेथें ओलीबरोबर थंडी येते आणि ही जोडगोळी पायांच्या शिरा व मज्जातंतू यांवर घाला घालते. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत थंड पाण्यानें भरलेल्या खंदकांत दिवसचे दिवस उभे राहून हजारों सैनिकांचे पाय बधिर झाले, सुजले, आणि कित्येकांचे कापावेहि लागले. या विकारास इंग्रजींत खंदकाचेंच नांव पडलें. फौजेनें त्यावर जो उपाय योजिला तो शिस्तीचा होता: मोजे नित्य बदलावयाचे, पाय पुसून तेल चोळावयाचें, आणि जोडीदारानें जोडीदाराचे पाय तपासावयाचे.

उष्ण प्रदेशांतहि अनुभव असाच आला. १९६० नंतरच्या दशकांत व्हिएतनाममधील भातखाचरांतून चालणाऱ्या अमेरिकन सैनिकांचे तळवे पांढरे पडून इतके दुखूं लागत, कीं पाऊल टाकवत नसे. आणि पाय कोरडे ठेवून विश्रांति दिली कीं ते बरे होत. आपल्याकडे कोंकणांत भातलावणी करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. लावणीवरून परतल्यावर पाय धुऊन कोरडे करावयाचे आणि भेगांवर कोकमतेल चोळावयाचें, ही तेथील जुनी चाल. फौजेचा नियम आणि शेतकऱ्याची चाल यांचें तात्पर्य एकच: कातडीस ओल सोसते, अखंड ओल सोसत नाहीं. दिवसभर पाय भिजले म्हणून बिघडत नाहीं; रात्रींहि ते भिजलेलेच राहिले तर बिघडतें.

भिजून मऊ झालेली कातडी लवकर घांसली जाते व फोड येतो. फोड फुटला कीं रोगजंतूंस दार उघडें होतें. २००५ सालीं २६ जुलैच्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची सांथ आली. उंदीर, गुरें इत्यादिकांच्या मूत्रांतून पाण्यांत उतरणारे हे जंतु जखमेंतून व भिजून नरमलेल्या कातडींतून शरीरांत शिरतात. चिखलवाटेनें जाऊन आलेल्यास पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर तो कोठें गेला होता हें डॉक्टरांस अवश्य सांगावें.

आतां प्रत्यक्ष व्यवहाराच्या गोष्टी. सुती मोजे नेऊं नयेत. सूत पाणी धरून ठेवतें आणि पायांस चिकटून घांसतें. लोंकरीचा तंतु स्वतःच्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटांत घेतो, तरी स्पर्शास ओला लागत नाहीं. म्हणून पातळ लोंकरीचे मोजे उत्तम. निघण्यापूर्वीं टाचेस व बोटांस व्हॅसलीन चोळावें. ओढा ओलांडतांना अनवाणी जाऊं नये, कारण तळचे दगड दिसत नाहींत. मोजे काढून ठेवावे, बूट तसेच घालावे आणि पलीकडे गेल्यावर पाणी ओतून पुन्हां मोजे चढवावे. दर दोन-तीन तासांनीं दहा मिनिटें बसून मोजे पिळावे व पायांस वारा लागूं द्यावा.

सर्वांत महत्त्वाचा नियम रात्रीचा. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवींत बांधून न्यावा, आणि तो मुक्कामावर पाय पुसून कोरडे झाल्यावरच काढावा. सकाळीं तो पुन्हां पिशवींत जावा व कालचेच ओले मोजे पायांत यावे. हें जिवावर येतें खरें; पण सकाळच्या त्या दोन मिनिटांच्या सुखासाठीं कोरडा जोड भिजविला, कीं पुढली सारी रात्र ओल्यांत काढावी लागते. बुटांतील गादी काढून आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे व ते भिजतील तसे बदलावे. बूट चुलीपाशीं मात्र ठेवूं नयेत. आंचेनें कातडें तडकतें आणि तळव्याची चिकटण सुटते. मधुमेह असलेल्यांस पायांच्या जखमेची जाणीव उशिरां होते. त्यांनीं पाय रोज डोळ्यांनीं पाहावे.

तेव्हां रविवारीं सायंकाळीं पोरगा भिजल्या बुटांनिशीं दाराशीं आला, तर बुटास किंवा त्याच्या किंमतीस बोल लावण्याचें कारण नाहीं. आधीं कोरडें पंचें पुढें करावें, आणि मग विचारावें: रात्रीं पाय कोरडे होते ना?