अल्मेरिया : आठशे मागांचे बंदर

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राला लागून, अल्मेरिया हे शहर आहे. अरबीतील 'अल-मरिय्या', म्हणजे टेहळणीचा बुरूज, यावरून हे नाव पडले. आम्ही कापडवाले असल्याने आम्हांला इथल्या किल्ल्यापेक्षा इथल्या मागांची हकीगत अधिक मोलाची वाटते.

इ. स. ९५५ मध्ये खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी हे शहर वसवले. टेकडीवर अलकाझाबा हा किल्ला, खाली बंदर आणि जहाजांचा कारखाना. जवळच्या अल्पुहारा डोंगरात तुतीची झाडे होती, त्यामुळे रेशमाला तोटा नव्हता. बाराव्या शतकातील भूगोलकार शरीफ इद्रिसी यांनी इथल्या रेशमाच्या मागांची संख्या ८०० दिली आहे. दीबाज, सिकलातून, इस्फहानी, अत्ताबी असे अनेक प्रकार इथे विणले जात. इंग्रजीत साध्या विणीला 'टॅबी' म्हणतात, तो शब्द याच अत्ताबीतून आला.

११४७ मध्ये कॅस्टिलचा राजा आल्फोन्सो सातवा याने जिनोआच्या आरमाराच्या मदतीने शहर जिंकून लुटले. दहा वर्षांनी मुवह्हिदीनांनी ते परत घेतले, परंतु पूर्वीची भरभराट काही परतली नाही. १४८९ मध्ये शहर कायमचे कॅस्टिलच्या ताब्यात गेले. १५६८ च्या मोरिस्को बंडानंतर ग्रॅनाडा प्रांतातील मोरिस्कोंना आतल्या मुलखात हलवले गेले. त्यांत रेशमाचे जाणकार पुष्कळ होते. तुतीची झाडे जागेवर राहिली, हात मात्र गेले.

आज पाहुण्याला अलकाझाबा, अकराव्या शतकातील पाण्याचे हौद आणि सान हुआन चर्चमध्ये उरलेला जुन्या जामा मशिदीचा मेहराब पाहता येतो. १५२४ मध्ये सुरू झालेले कॅथेड्रल समुद्री चाच्यांच्या भीतीने किल्ल्यासारखे बांधलेले आहे. ऑगस्टअखेरीस 'समुद्राची माता' मेरी हिच्या नावाने मोठी जत्रा भरते. दुपारी जुन्या गल्ल्यांत आणि रात्री मैदानात गाणे, नाच, खाणेपिणे चालते. शहराचा आजचा मोठा व्यापार भाजीचा. प्लास्टिकच्या छपरांखाली हजारो हेक्टरांवर टोमॅटो, मिरची, काकडी पिकते आणि युरोपभर जाते. तिथे राबणाऱ्यांत मोरोक्कोचे मजूर मोठ्या संख्येने आहेत.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भिंती हजार वर्षे टिकतात. हुनर मात्र हातात असतो आणि हाताबरोबरच जातो. म्हणून विणकराला वाजवी मजुरी द्यावी, मुलांना विणीची नावे शिकवावीत. माग पुन्हा विकत घेता येईल, कसब विकत मिळत नाही.