अडकलेली सीडी आणि टाचणीएवढे छिद्र

बटण दाबले, दिवा लुकलुकला, आत काहीतरी कुरकुरले. पण ट्रे काही जागचा हलला नाही. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. ज्यांच्या घरी कधी कॉम्प्युटर होता, त्यांतल्या बहुतेकांनी हा प्रकार पाहिला असेल. अशा वेळी घरातला एखादा उत्साही भाचा पुढे सरसावतो, ‘‘मामा, पेचकस द्या, आत्ता उचकटून काढतो.’’ मंडळी, तो पेचकस आधी त्याच्या हातातून काढून घ्या.

कारण साधा हिशेब आहे. ड्राइव्ह मोडला तर दुसरा मिळेल, नवा नाही तर जुना. आतली सीडी मात्र बऱ्याचदा एकुलती एक असते. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि नांदेड-लातूरसारख्या शहरांत, पुढे तालुक्यांच्या गावीही कॉम्प्युटरचे वर्ग निघाले. त्याच सुमारास लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची जागा सीडीने घेतली. एका व्हिडिओ सीडीत साधारण सव्वा तासाचे चित्रण मावते. त्यामुळे हळद एका सीडीत, लग्न दुसऱ्या सीडीत आणि वरात तिसऱ्या सीडीत, असा संच फोटोग्राफर द्यायचा. आज तो संच कपाटात साड्यांच्या घडीखाली असतो. त्यात चालते-बोलते आजोबा असतात, आणि कित्येक घरांत ते दुसरीकडे कुठेच नसतात.

नव्या लॅपटॉपला आता सीडीचा ड्राइव्हच येत नाही, मग ही चर्चा कशाला, असे कुणी विचारील. दोन कारणे आहेत. एक म्हणजे जुन्या सीडी वाचायला लोक जुनेच कॉम्प्युटर झटकून बाहेर काढतात, आणि वर्षानुवर्षे बंद पडलेला ड्राइव्ह हमखास अडकतो. दुसरे म्हणजे एमआरआय किंवा सीटी स्कॅन केल्यावर अनेक ठिकाणी अजूनही फिल्मबरोबर सीडी देतात. नांदेडचा पेशंट ती घेऊन हैदराबादला जातो, लातूरचा सोलापूरला किंवा पुण्याला. उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवायची सीडी आज रात्री घरच्या ड्राइव्हमध्ये अडकली, तर घरात काय होईल ते सांगायला नको.

तर आधी कान द्या. ड्राइव्ह आवाजातून बरेच काही सांगतो. आवाज नाही, दिवाही नाही, तर ड्राइव्हपर्यंत वीजच पोचत नाही. वायर सैल झाली असेल किंवा उंदराने कुरतडली असेल. सीडी फिरते, थांबते, पुन्हा फिरते असे ऐकू येत असेल, तर कॉम्प्युटर ती वाचायच्या खटपटीत आहे. एखादा प्रोग्रॅम सीडी वापरत असला की ट्रेचे बटण मुद्दाम बंद ठेवले जाते, बिघाड नसतो. चालू असलेला प्लेअर बंद करा. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ड्राइव्हच्या चित्रावर उजवे बटण दाबून ‘इजेक्ट’ म्हणा. तरी ऐकले नाही तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि विंडोज उघडायच्या आधीच ड्राइव्हचे बटण दाबा. त्या काही सेकंदांत सीडीला अडवून धरणारे कुणी नसते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असे माझे मत आहे. लोक मात्र नेमकी ही पायरी गाळून थेट हत्याराकडे जातात.

आणि आतून खडखड ऐकू आली तर? लगेच बंद करा. ५२ एक्स लिहिलेला ड्राइव्ह सीडीला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतो. मधल्या भोकाशी बारीक तडा गेलेली सीडी त्या वेगात फुटू शकते. असे तुकडे झालेला ड्राइव्ह पुन्हा चालू करून बघायचा नसतो.

आता त्या छिद्राकडे येऊ. ट्रेच्या तोंडावर, बटणाच्या आसपास, टाचणी जाईल एवढे एक छिद्र असते. कुठे कॅबिनेटच्या झाकणाआड ते लपलेले असते. झाकण खाली पाडले की दिसते. जुन्या ड्राइव्हला हेडफोन लावायचे मोठे भोकही असे, ते हे नव्हे. वीज नसताना सीडी काढता यावी म्हणून ही सोय कंपन्यांनीच करून ठेवली आहे. २००५ नंतरची काही वर्षे आठवा. भारनियमनाच्या वेळापत्रकावर मराठवाड्यातल्या घरांचा दिनक्रम चालायचा. सीडी आत आणि लाइट गेली, हे रोजचे होते. पण हे छिद्र कशासाठी, ते फार थोड्यांना ठाऊक होते.

टाचणी मात्र इथे कामाची नाही. ती तोकडी पडते आणि वाकते. सुई तर नकोच. तुटून आत राहिली तर नवे दुखणे. कागदांना लावायची यू-पिन घ्या आणि तिची एक बाजू सरळ करा. कॉम्प्युटर बंद करा आणि वायर बोर्डातून काढा. लाइट गेलेली असली तरी काढा. पिन आत असताना लाइट आली तर मोटर अचानक ओढ घेईल. मिनिटभर थांबा, म्हणजे फिरती सीडी शांत होईल. मग पिन अगदी आडवी, सरळ आत सरकवा. इंचभर ते दीड इंच गेल्यावर काहीतरी अडल्यासारखे लागते. तिथे ठोकायचे नाही, दाबायचे. दार लोटतो तेवढ्याच जोराने. त्या दाबाने आतली सरकपट्टी हलते, सीडी धरून ठेवणारा भाग खाली बसतो आणि ट्रे नखभर पुढे येतो. पुढचा ट्रे बोटांनी सरळ ओढा. डावी-उजवीकडे हलवलात तर खालचे दात झिजतात.

लॅपटॉपचा प्रकार जरा वेगळा. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. पिन दाबताच खटका सुटतो आणि ट्रे उसळून थोडा बाहेर येतो. त्यात सीडी मधल्या गोल खुंटीवर घट्ट बसलेली असते. नुसती कड धरून ओढली तर ती तडकते. एका अंगठ्याने खुंटी दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने कड उचला. शेजारी भिंगाचा छोटा डोळा दिसेल, त्याला बोट लावू नका. आणि कुठलाही उघडा ड्राइव्ह चालू ठेवून आत डोकावू नका. सीडीचा लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

घरातल्या टीव्हीखालच्या व्हीसीडी प्लेअरला बहुधा असे छिद्र नसते. त्याचे वरचे पत्र्याचे झाकण काढावे लागते. त्याच्या पोटात थेट घरच्या विजेवर चालणारा भाग असतो, म्हणून प्लग काढून काही वेळ थांबल्याशिवाय हात घालायचा नाही. जमणार नसेल तर नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास जुना मेकॅनिक शोधावा, त्यात कमीपणा नाही.

कधीकधी ट्रे येतो, पण रिकामा. सीडी मागे घसरलेली किंवा वरच्या बाजूला चिकटलेली असते. अशा वेळी कॅबिनेट उलटेसुलटे हलवू नका, चरे पडतात. ड्राइव्ह दोन्ही बाजूंचे स्क्रू काढून सबंध बाहेर घ्यावा आणि खालचे चार स्क्रू सोडून उघडावा. याहून गमतीचा प्रकार म्हणजे ट्रे न उघडताच दोन ड्राइव्हमधल्या फटीत सीडी सारलेली असते! ती ड्राइव्हमध्ये जातच नाही, कॅबिनेटच्या पोटात पडते. बाजूचा पत्रा काढा आणि उचलून घ्या.

सीडी अडकते का, याची कारणे आपल्याकडे ठरलेली आहेत. धूळ आणि ऊन. वर चिकटवलेला कागदी स्टिकर उन्हाळ्यात कडेला सुटतो आणि आत गोळा होतो, म्हणून नाव लिहायचे तर सीडीच्या पेनानेच लिहावे. बंद गाडीच्या काचेशी ठेवलेली सीडी वाकते. नजरचुकीने एकावर एक दोन सीडी जातात. जुन्या ड्राइव्हचे सर्वांत मोठे दुखणे मात्र रबरी पट्टा. अंगठीपेक्षा थोडा मोठा असा एक पट्टा मोटरची ताकद ट्रेपर्यंत पोचवतो. वर्षांनी तो सैल पडतो, मोटर घुर्रर्र करते आणि पट्टा नुसता घसरतो. सीडी वरून धरणाऱ्या चकतीत चुंबक असते. ते सोडवायला सुरुवातीलाच जोर लागतो, आणि तेवढाच त्या पट्ट्यात उरलेला नसतो. बटण दाबतानाच ट्रेची कड नखाने हलकेच ओढली तर बऱ्याचदा काम होते. मेकॅनिक पट्टा काही मिनिटे गरम पाण्यात टाकतात, तो थोडा आवळतो; पण तो तात्पुरता इलाज. खरा इलाज नवा पट्टा.

हाती आलेली सीडी लगेच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका. आधी उजेडात धरून मधल्या भोकाभोवती तडा आहे का ते पाहा. पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. गोल चरा माहितीच्या रेघेच्या दिशेनेच जातो आणि सलग मजकूर खातो. घाण जास्त असेल तर साधे पाणी आणि थेंबभर साबण पुरे. थिनर किंवा नेलपॉलिशचे रिमूव्हर लावले तर प्लॅस्टिक पांढरे पडते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. आपण चकचकीत बाजू जपतो, पण सीडीची माहिती असते छापील बाजूच्या अगदी लगत, पातळ थराखाली. खालच्या बाजूचा चरा पॉलिश करून कधीकधी निभावतो. वरच्या बाजूचा थर उडाला तर तेवढी वरात कायमची गेली.

सगळे ठीक असेल तर त्याच बैठकीत तिची नक्कल पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी काढून ठेवा. घरी लिहिलेल्या सीडींचा रंगाचा थर काळाबरोबर उतरतो आणि आज उघडणारी सीडी पुढच्या दिवाळीत उघडेलच असे नाही. नक्कल करताना एखादी फाइल मध्येच अडली तर तो कॉम्प्युटर सोडून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करा. एका ड्राइव्हला न वाचणारी सीडी दुसरा पुष्कळदा सहज वाचतो.