तेलाच्या भंजनाचे गणित

खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन होऊन त्यातील हलके घटक निघून गेल्यावर जो जड भाग मागे राहतो, त्यातील लांबलचक रेणू उत्प्रेरकाच्या साहाय्याने फोडून त्यांतून पुन्हा पेट्रोल मिळविण्याची विद्या, म्हणजेच उत्प्रेरकी भंजन, ही विसाव्या शतकातील रसायन-अभियांत्रिकीची मोठी कमाई होय. प्रवाही उत्प्रेरकावर चालणारे पहिले संयंत्र १९४२ साली अमेरिकेत, लुइझियानातील बॅटन रूज येथे सुरू झाले. आज मुंबईच्या माहुल भागातील तेलशुद्धीकरण कारखान्यांतही याच जातीची संयंत्रे आहेत.

या संयंत्राच्या उभ्या नळातून, पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात, तेलाची वाफ उत्प्रेरकाच्या सूक्ष्म कणांना घेऊन काही सेकंदांतच वर जाते. परंतु तेवढ्या अवधीत इतक्या प्रकारचे रेणू इतक्या मार्गांनी फुटतात की, प्रत्येकाची स्वतंत्र नोंद ठेवू म्हटल्यास कोणतेही दप्तर पुरे पडू नये. १९७० साली वीकमन आणि नेस या संशोधकांनी या पसाऱ्याचे तीनच गट केले : जड तेल, पेट्रोल, आणि वायू व कोक (कोळशासारखा घन अवशेष) मिळून तिसरा. जड तेलातील सहज फुटणारे रेणू आधी संपतात आणि चिवट तेवढे मागे उरतात. म्हणून तेल निम्मे उरले असता भंजनाचा वेग निम्म्यावर न थांबता चतुर्थांशावर येतो, असे त्यांनी समीकरणात धरले. पेट्रोल हा मधला मुक्काम असल्यामुळे तेही पुढे फुटते, आणि म्हणूनच एका मर्यादेपलीकडे भंजन वाढविल्यास पेट्रोलचा उतारा वाढण्याऐवजी घटतो. ही मर्यादा कोठे येते, हे समीकरणांवरून आधीच सांगता येते.

मात्र निराळ्या तेलासाठी तीन गटांच्या या गणिती प्रतिमानातील वेगांक, म्हणजे भंजनाचा वेग ठरविणारे स्थिरांक, नव्याने काढावे लागत. ती अडचण दूर करण्यासाठी १९७६ साली तेलाच्या रासायनिक घडणीनुसार दहा गटांचे प्रतिमान मांडण्यात आले.

तथापि केवळ नळाचे गणित सोडवून भागत नाही. उत्प्रेरकावर साचून त्याला निकामी करणारा कोक शेजारच्या पात्रात जाळला जातो, आणि त्या ज्वलनाने तापलेला उत्प्रेरक नळात परतून भंजनाला लागणारी उष्णता पुरवितो. म्हणजे कोक फार झाला तरी नुकसान आणि फार थोडा झाला तरी उष्णतेची तूट, असा हा जमाखर्च असल्याने दोन्ही पात्रांची समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात. प्रतिमानाची थोरवी सर्व काही नोंदविण्यात नसून, काय एकत्र धरावे आणि काय वेगळे ठेवावे याच्या विवेकात आहे. आणि त्या विवेकाची अखेरची कसोटी संयंत्रातील प्रत्यक्ष मोजमापांशीच लागते.