वकट, लेंड, मूंड

बेसबॉल कुणी शोधला हे ठरवायला अमेरिकेत एकदा समिती बसली. १९०७ च्या अखेरीस तिनं निकाल दिला: १८३९ साली, कूपर्सटाऊन गावात, अ‍ॅबनर डबलडे यांनी. आधार एका म्हाताऱ्याच्या आठवणीचा. डबलडे तर त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. तरीही १९३९ मध्ये त्याच गावात बेसबॉलचं संग्रहालय उभं राहिलं. ‘बेस-बॉल’ हा शब्द मात्र जॉन न्यूबरींनी १७४४ साली लंडनमध्ये काढलेल्या एका बालपुस्तकात आहे.

हे वाचताना मला सारखी विटी आठवत होती. दोन्ही टोकं निमुळती केलेला लाकडाचा तुकडा टोलवायचा खेळ इंग्लंडातही होता. जॉन बन्यन यांनी आपण तो रविवारी खेळल्याची टोचणी १६६६ च्या आत्मकथनात मांडली आहे. आपल्याकडे त्याचा शोध कुणी लावला, हे विचारायला समिती बसली नाही. म्हणून दिवाळीनंतर, भातं निघाल्यावर कोल्हापूरकडची शाहूवाडी गाठली.

मलकापूरच्या पुढं एका वाडीत एक म्हातारे सुतार भेटले. सगळे त्यांना आबा म्हणतात. नातवासाठी ते वाकसानं विटी तासत होते. पेरूची फांदी, ना ओली ना कडक वाळलेली. “ओली उडत न्हाई, वाळली की फुटती,” ते म्हणाले. वीतभर तुकडा. पोट जाड ठेवून दोन्ही टोकं निमुळती केली, मग विटी फरशीवर ठेवून टोकाखाली काडेपेटीतली काडी सरकवून पाहिली. काडी अडली. पुन्हा चार हलके घाव, पुन्हा काडी. आता सरकली. ती एवढीशी पोकळी हेच या खेळाचं यंत्र. दांडूचा घाव टोकावर बसला की विटी पोटावर कलते, गिरकी घेत उसळते, आणि हवेत असतानाच तिला टोला हाणायचा. टोक जमिनीला चिकटलं तर घाव मातीत जातो. मी तासभर तिथंच बसून होतो.

मग खाचरात खळी खणली, नातवानं विटी कोलली. टोल्यानंतर दांडूनं अंतर मोजायचं. मोजणी जिथं थांबेल, त्यावरून पुढचा टोला पायावरून, मुठीवरून की डोळ्यावरून ते ठरतं. पोरगं मोजत गेलं: “वकट, लेंड, मूंड, नाल...” कोल्हापूरच्या शेजारी कन्नड, पण कन्नडात एक म्हणजे ‘ओंदु’. ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ ही तेलुगू मोजणी. ती सह्याद्रीच्या या कडेपर्यंत पोरांच्या तोंडून आली. मला तरी हा दाखला कूपर्सटाऊनच्या संग्रहालयापेक्षा मोठा वाटतो.

पण तो टिकायचा कसा? बांधापलीकडं ऊस उभा होता. उसाचं रान खेळायला कधी मोकळं होत नाही. विटी डोळ्याला लागेल म्हणून आया धास्तावतात, आणि ती भीती खोटी नाही: आबांच्याच भुवईवर जुनी खूण आहे. गल्लीतल्या पोरांच्या हातात क्रिकेटची बॅट असते आणि त्यांची मोजणी इंग्रजीत चालते. मोठे खेळतच नाहीत, त्यामुळं चुकलेलं सांगणारं मैदानात कुणी नसतं. नातूही नालच्या पुढं अडला होता.

“आर,” आबांनी पुरवलं.

तेलुगूत ‘आरु’ म्हणजे सहा. पाच म्हणजे ‘ऐदु’. मी विचारलं, “आबा, मग पाच कुठं गेला?”

त्यांनी विटी हातात फिरवली. “आमचा म्हातारा बी आरच म्हणायचा, पाव्हणं.”

नातवानं पाचवा दांडू टाकला आणि मोठ्यांदा म्हणाला, “आर.”