तारण आणि जामीन

बँकेतल्या नोकरीत 'तारण' हा शब्द मी किती हजार वेळा लिहिला असेल, देव जाणे. सोनेतारण, मालतारण, घरतारण. समोर आलेल्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या तारणाकडे पाहायचे, हे नोकरीच्या पहिल्या वर्षातच अंगवळणी पडते. ज्याच्याकडे ते नसेल किंवा अपुरे असेल, त्याने जामीनदार आणायचा. मग आम्ही जामीनदाराची पगारपावती पाहायचो.

१९८६ साली मी बोईसरच्या एका शाखेत नुकताच अधिकारी झालो होतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागूनच सालवड गाव. तिथल्या चाळींतून कुठून कुठून आलेली कामगारांची बिऱ्हाडे. त्यांपैकी एका तरुणाने बायकोच्या शिलाई मशीनसाठी तीन हजारांचे कर्ज घेतले. सहा हप्ते वेळेवर भरले आणि पावसाळ्यात कावीळ होऊन तो गेला. दोन पोरे पदरात असलेली ती बाई कपडे शिवून दिवस काढू लागली. खाते थकले. मी नियमानुसार दोन नोटिसा काढल्या, एक तिच्या नावे, दुसरी जामीनदाराच्या. मशीन उचलून आणले तर निम्मी रक्कम सुटेल, असा हिशेब कागदावर करून मी स्वतः सालवडला गेलो. हे सांगताना आज बरे वाटत नाही.

जामीनदार वारली समाजातला, पंचेचाळिशीचा, कारखान्यात कायम झालेला मदतनीस. त्याला वाचता येत नव्हते. मी नोटीस वाचून दाखवली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्या हातातली दुसरी मागून घेतली.

"ही तिला नका देऊ, साहेब. माझ्या पगारातून कापा."

मी म्हणालो, मशीन आहे की, तुम्ही कशाला भुर्दंड सोसता? तो थोडा वेळ गप्प राहिला. "माझा बापूस लग्नगडी होता," तो म्हणाला. "आयसपण त्याच घरात राबली. तिने कुठं कर्ज काढलं होतं?"

मी पुण्याकडचा. लग्नगडी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. डहाणू, उंबरगावच्या पट्ट्यात आदिवासी तरुण लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडी रक्कम घेई आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे. ती फिटतच नसे. लग्न होऊन आलेली बायकोही मग त्याच घरची गुलाम होई. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या व्यवहारात माणूसच तारण होता, आणि त्याच्याबरोबर न विचारता बायकोही. वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६ साली झाला. पण या भागात ती मोडायला सुरुवात झाली १९४५ मध्ये, किसान सभेच्या चळवळीतून. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' मी नंतर शोधून वाचले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी आवई उठली आणि हजारो वारली रातोरात तलवाड्याला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. बाई तिथे नव्हत्याच.

शाखेत परत आल्यावर मी सालवडची हकिगत रोखपालांना सांगितली. ते वसईचे, कॅथलिक. नोटा मोजता मोजता म्हणाले, "साहेब, तारण आणि जामीन हे दोन्ही शब्द आमच्या देवळातले आहेत." मला ते तोवर ठाऊक नव्हते. मराठी ख्रिस्ती माणूस तारण म्हणतो ते उद्धाराला. आमच्या खात्यात तारण म्हणजे माणसाने बँकेकडे ठेवलेली वस्तू. त्यांच्या प्रार्थनेत तारण म्हणजे माणसासाठी दुसऱ्याने मोजलेली किंमत. मराठी बायबलात ख्रिस्ताला जामीनही म्हटले आहे. गुड फ्रायडेचा सगळा अर्थ त्यात आला, असे रोखपाल म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून नोटा मोजू लागले.

त्यांनीच दिलेल्या शुभवर्तमानात मी शंभर मेंढरांचा दृष्टान्त वाचला. एक हरवते, तर मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या मागे जातो. आमच्याकडे नव्याण्णव टक्के वसुली झाली असती तर शाखेत पेढे वाटले असते! उरलेला एक टक्का बुडीत खाती टाकून आम्ही निवांत झोपलो असतो. मेंढपाळाचा हिशेब बँकेच्या कोणत्याही परीक्षेत नापास होईल. तरी, हरवलेले मेंढरू आपण आहोत असे एकदा समजून ती गोष्ट वाचावी.

आपल्याकडे हा हिशेब पंडिता रमाबाईंनी प्रत्यक्ष मांडला. तरुणपणी दुष्काळाच्या वणवणीत त्यांचे आईवडील गेले होते. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, आजारी, बेवारस मुली व विधवा घेऊन आल्या. यातल्या कित्येकींना घरच्यांनीही टाकलेले. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले ते त्यांच्यासाठी. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल शिकवी. धर्मांतरावरून रमाबाईंवर टीकेची झोड उठली, तो वाद अजून मिटलेला नाही, आणि मला तो या लेखात मिटवायचाही नाही. मला एवढेच दिसते की ज्यांच्यासाठी जामीन राहायला कुणी पुढे येत नव्हते, त्यांच्यासाठी ही बाई राहिली. मनोरमा १९२१ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या.

सालवडच्या जामीनदाराने अडीच वर्षे हप्ते भरले. मशीन चाळीतच राहिले. दर महिन्याला पगार झाला की तो काउंटरवर येई, पावती घेई, फारसे बोलत नसे. शेवटचा हप्ता भरून खाते बंद झाले, तेव्हा मी कर्जफेडीचा दाखला त्याच्या नावाने टंकलिहून तयार ठेवला होता. त्याने कागद हातात धरला आणि कुणाचे नाव घातले आहे, ते विचारले. मी सांगितल्यावर कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"तिच्या नावाचा करा, साहेब. मशीन तिचं आहे."

मी यंत्रात नवा कागद चढवला.