साक्ष विकत घ्यावी काय?

लग्नसंबंध जुळवावयाचा असला म्हणजे समोरची मंडळी स्वतःविषयी काय सांगतात, एवढ्यावरच आपण विसंबत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारतो, आप्तेष्टांकडे चौकशी करतो. आणि ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, त्याच्या साक्षीला अधिक मान देतो. आज घरोघरी वापरली जाणारी शोधयंत्रे याच जुन्या व्यवहारज्ञानावर उभी आहेत, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

प्रारंभीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्दांवर भिस्त ठेवीत. तेव्हा चतुर लोकांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत हवा तो शब्द शेकडो वेळा लिहून ठेवावा. माणसास तो दिसू नये, पण यंत्र मात्र फसावे! कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन तरुणांनी निराळी वाट धरली. एखाद्या पानाकडे इतर किती पाने दुव्याच्या रूपाने बोट दाखवितात, आणि बोट दाखविणारी ती पाने स्वतः किती मान्यता पावलेली आहेत, हे त्यांनी मोजले. याच विचारावर १९९८ साली गूगल कंपनी उभी राहिली.

परंतु साक्षीला मोल आले की साक्षीचा बाजारही भरतो. वाचकांनी आपले मत लिहावे म्हणून संकेतस्थळांवर जी जागा मोकळी ठेवलेली असे, तेथे परक्यांनी येऊन आपल्या मालाचे दुवे पेरण्याचा सपाटा लाविला. दुवे विकण्याचा तर धंदाच झाला. तेव्हा जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी एक खूण मान्य केली. ती खूण लाविलेला दुवा साक्षीत धरावयाचा नाही, असे ठरले. पुढे एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाची सुधारणा अमलात आणली, आणि कृत्रिम दुव्यांच्या शिडीने वर चढलेली अनेक स्थळे खाली आली.

दुव्यांची ही कथा, तीच ग्राहकांच्या अभिप्रायांची. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय तेथेही शिरला. म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असे त्यात सांगितले आहे.

पण नियम करणारे दूर असतात. मोह मात्र आपल्या उंबरठ्याशी येतो. बेळगावातील आमच्या एका स्नेह्यांनी खानावळ काढली आणि सर्व आप्तांस निरोप धाडिला, "पाच तारे द्या व चार बरे शब्द लिहा." आम्ही तर तेथे घोटभर पाणीदेखील प्यालो नव्हतो! आम्ही त्यांस म्हणालो, "दादा, आधी जेवू घाला, मग लिहू." ते थोडे रुसले, पण पुढल्याच रविवारी आम्ही सहकुटुंब जेवून आलो. घरी येऊन लिहिले, 'मासळीचे कालवण उत्कृष्ट. मात्र ताट येण्यास अर्धा तास लागला.' तारे चारच दिले. महिनाभराने स्नेही स्वतः सांगत आले, की ते वाचून त्यांनी वाढावयास आणखी एक मुलगा ठेविला. आमचे पाच तारे त्यांस मिळाले असते, तर ही उणीव त्यांच्या कानी कोण घालणार होते?

अनोळखी गावात आजारी मुलाला कुशीत घेऊन एखादी माता दवाखाना शोधू लागते, तेव्हा तिला आधार असतो तो अशाच कोणा अपरिचितांच्या चार ओळींचा. त्या ओळी लिहिणारे आपणच आहोत. जे स्वतः अनुभविले तेच लिहावे, आणि जे अनुभविले नाही त्याविषयी मौन पाळावे, एवढे पथ्य प्रत्येक घराने सांभाळले तरी पुष्कळ झाले.