शिरोड्याच्या किनाऱ्यावरील अडेनियम : संगोपनविषयक टिपण

रोपवाटिकांत ‘वाळवंटी गुलाब’ या नावाने विकले जाणारे अडेनियम ओबेसम हे मांसल झुडूप गुलाबाच्या कुलातील नाही. कण्हेर, चाफा व सदाफुली ज्यात मोडतात त्या अपोसायनेसी कुलाचे ते होय. फोर्स्कॉल याच्या १७७५ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची गणना कण्हेरीच्याच प्रजातीत केलेली होती. अडेनियम ही स्वतंत्र प्रजाती १८१९ मध्ये मानली गेली. नावात एडनचे स्मरण आहे. आफ्रिकेचा कोरडा पट्टा व दक्षिण अरबस्तान हे त्याचे मूलस्थान.

अशा वनस्पतीस शिरोड्याच्या अंगणात आणून ठेवले असता तिच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तो तहानेचा नव्हे. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांत. खोडाच्या फुगीर बुंध्यातील मृदूतक पाणी साठवून ठेवते. परंतु मुळांना श्वसनासाठी हवा लागतेच. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, बुरशी शिरते व बुंधा आतून कुजतो.

येथील मिठागर १९३० च्या सत्याग्रहामुळे सर्वश्रुत आहे. त्याचाच दाखला पाणी देण्याच्या वेळापत्रकास लागू पडतो. मीठ पिकते ते बाष्पीभवन पर्जन्यावर मात करते त्या महिन्यांत. अडेनियमला निर्धास्तपणे पाणी द्यावे तेही त्याच महिन्यांत, आणि तेव्हाही कुंडीतील वरची माती बोटभर खोल सुकल्यावरच. मृगाच्या सरी येण्यापूर्वी कुंडी पडवीत, पागोळ्यांपासून दूर पण उजेडात, हलवावी. पुढे पाऊस ओसरेपर्यंत पाणी जवळजवळ बंदच ठेवावे.

खरी फसगत होते ती पिवळ्या पानांमुळे. तहानेने पाने पिवळी पडतात, तशीच मुळे कुजल्यानेही पडतात. आणि गृहिणी असो वा प्राध्यापक, प्रत्येकाचा हात प्रथम तांब्याकडे जातो. पानाऐवजी बुंधा दाबून पाहावा. तो किंचित सुरकुतलेला पण घट्ट असल्यास पाणी हवे आहे. मऊ व ओलसर लागल्यास पाणी घालणे घातक ठरेल. कुजलेला भाग निरोगी, पांढरट ऊतक दिसेपर्यंत स्वच्छ सुरीने कापून, रोप काही दिवस सावलीत कोरडे ठेवून मगच पुन्हा लावावे.

मातीबद्दल स्थानिक परिस्थितीचा विचार अवश्य करावा. जांभ्याचे वाटाण्याएवढे खडे उत्तम निचरा करतात, मात्र त्याचा भुगा चिकणमातीसारखा साचून बसतो. म्हणून तो चाळून टाकावा. दोन भाग खडे व जाड नदीची वाळू, एक भाग कुजलेला पालापाचोळा, असे मिश्रण पुरेसे आहे. वेळागरची वाळू हाताशी असली तरी ती टाळावी. तिच्यात क्षार व शिंपल्यांचा चुरा असतो. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते. ते सतत घातल्यास कुंडीत क्षार साठतात व पानांच्या कडा करपतात. तेव्हा गोड्या पाण्याने कुंडी एकदा भरपूर धुऊन काढावी.

फुले नव्या फुटव्यांच्या टोकास येतात, यास्तव छाटणी फेब्रुवारीत करावी, पावसाळ्यात कधीही नव्हे. छाटताना वाहणारा चीक विषारी असतो. आफ्रिकेत बाणांच्या टोकांस लावण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. हात धुतल्यावाचून डोळ्यांस लावू नयेत आणि कुंडी गुरांच्या वाटेवर ठेवू नये.